रुग्णाची नोंद कोण ठेवणार?

(औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या सरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली शिकलेले अनेकजण आज या सभागृहात आहेत. मीही त्यांतलाच एक. मात्रेच्या आकड्यापुढे एकक लिहिलेले नसेल, तर सर त्या उत्तराला शून्य गुण देत. त्या शिस्तीचे मोल पुढे रुग्णालयाच्या औषध विभागात काम करताना आम्हाला रोज कळत गेले. आजचा विषय त्या शिस्तीशी थेट जोडलेला आहे. तो आहे आरोग्य माहितीशास्त्र, ज्याला आपण हेल्थ इन्फॉर्मेटिक्स म्हणतो.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. औषधाच्या व्यवसायात आज संगणक सगळीकडे आहे, पण त्याला औषधाच्या पाकिटाची ओळख आहे, रुग्णाची नाही. ती ओळख करून देण्याचे काम फार्मासिस्टचे आहे आणि तुमच्या पिढीने ते अंगावर घ्यायला हवे.

कोणत्याही मेडिकल दुकानातल्या बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका स्ट्रिपबद्दल काय काय असते, ते पाहा. उत्पादक कंपनी, बॅच क्रमांक, एक्स्पायरीची तारीख, छापील किंमत, शिल्लक साठा, घाऊक विक्रेत्याचे नाव आणि जीएसटीसाठी लागणारा एचएसएन कोड. बहुतेक औषधांचा हा कोड ३००४ ने सुरू होतो. ही नोंद चोख असते, कारण तिच्यावर कर आणि नफा अवलंबून असतो. आता ती स्ट्रिप घेऊन गेलेल्या माणसाबद्दल तेच सॉफ्टवेअर काय सांगते? बहुतेक वेळा एक नाव, कधी मोबाइल क्रमांक. त्याचे वय किती, मूत्रपिंडाचे काम कसे आहे, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, दुसऱ्या डॉक्टरांनी कोणत्या गोळ्या चालू केल्या आहेत, यांतले काहीच तिथे नसते. रकाने कधीकधी असतात, पण ते रिकामे राहतात.

आरोग्य माहितीशास्त्र सुरू होते ते या रिकाम्या रकान्यांपासून. रुग्णाची माहिती अशा रीतीने नोंदवायची, जपायची, पाठवायची आणि वापरायची, की उपचाराचा निर्णय घेणाऱ्या माणसाला ती वेळेवर आणि नेमक्या अर्थाने मिळावी, एवढा या शास्त्राचा गाभा आहे. यात संगणकाची भाषा शिकण्यापेक्षा नोंदीची शिस्त शिकणे महत्त्वाचे. अमेरिकेतले डॉक्टर लॅरी वीड यांनी १९६८ मध्ये मांडले, की रुग्णाचे कागद तारखेनुसार नुसते साठत जाऊ नयेत. त्याच्या प्रत्येक तक्रारीखाली निरीक्षण, निदान आणि पुढची योजना अशी त्यांची रचना हवी. १९७६ मध्ये इंडियानापोलिसचे क्लेमंट मॅकडॉनल्ड यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. नोंदी वाचून संगणकच डॉक्टरांना सूचना देईल, अशी सोय त्यांनी केली आणि तिचा परिणाम मोजला. सूचना मिळाल्या तेव्हा डॉक्टरांनी ५१ टक्के प्रसंगी आवश्यक ती कृती केली. सूचना नव्हत्या तेव्हा हेच प्रमाण २२ टक्के होते. डॉक्टर तेच होते, ज्ञान तेच होते. मॅकडॉनल्ड यांचा निष्कर्ष असा, की माणसाच्या लक्षाला मर्यादा असते आणि त्या मर्यादेला आधार देण्यासाठी यंत्र वापरावे.

आता मूलतत्त्वांकडे येऊ. पहिले तत्त्व नावाचे. औषधाला आपण सहसा ब्रँडच्या नावाने ओळखतो. संगणकाने रुग्णाचे रक्षण करायचे असेल तर त्याला ब्रँडच्या आतला घटक, त्याची ताकद आणि औषधाचा प्रकार, म्हणजे गोळी की सिरप की इंजेक्शन, हे तिन्ही माहीत हवे. आपल्या देशात याची निकड फार मोठी, कारण एका गोळीत दोन-तीन औषधे एकत्र असणारी मिश्रणे इथे सर्रास विकली जातात. एक उदाहरण घेऊ. तापासाठी पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा. कंबरदुखीसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम यांची एकत्र गोळी, तीही तीनदा. सर्दीसाठी स्वतःच मागून घेतलेली गोळी, तिच्यात पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, तीसुद्धा तीनदा. बेरीज करा. दिवसाला ४,४२५ मिलिग्रॅम. प्रौढांसाठी नेहमीची कमाल मर्यादा ४,००० मिलिग्रॅम आहे. यकृताचे नुकसान व्हायला वाट मोकळी झाली आणि बिलावर तीन वेगळी नावे छापली गेली. घटकांची नोंद असलेला संगणक ही बेरीज क्षणात करील. फक्त ब्रँड ओळखणाऱ्या संगणकाला ती कधीच करता येणार नाही.

ब्रँडची नावे एकमेकांसारखी असल्यामुळे होणारा घोळ तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब ही दोन नावे. दोन्ही औषधे फाल्सिपेरम मलेरियासाठी, पण एकात आर्टेस्युनेट आणि दुसऱ्यात मेफ्लोक्विन. २००१ मध्ये कॅडिला हेल्थ केअर विरुद्ध कॅडिला फार्मास्युटिकल्स या खटल्यात न्यायालयाने सांगितले, की औषधांच्या बाबतीत नावातल्या साम्याची कसोटी इतर मालापेक्षा अधिक कडक असली पाहिजे. इतर मालात गल्लत झाली तर गैरसोय होते, औषधात झाली तर जीव जाऊ शकतो.

यावर उपाय म्हणजे प्रमाणित संकेत, ज्यांना आपण कोड म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओस्लो येथील केंद्राकडून चालवली जाणारी एटीसी पद्धत प्रत्येकाने समजून घ्यावी. पॅरासिटामॉलचा कोड आहे एन०२बीई०१. यातले एन हे अक्षर मज्जासंस्थेचे, एन०२ म्हणजे वेदनाशामके, पुढची दोन अक्षरे उपगटाची आणि रासायनिक कुळाची, शेवटचे ०१ म्हणजे प्रत्यक्ष औषध. आता ॲस्पिरिन पाहा. वेदनाशामक म्हणून त्याचा कोड एन०२बीए०१, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिले तर बी०१एसी०६. औषध एकच, पण कशासाठी दिले यावरून त्याची नोंद बदलते. कराच्या कोडला हा भेद दिसत नाही, उपचाराच्या कोडला दिसतो. रुग्णाच्या दृष्टीने हाच भेद महत्त्वाचा आहे.

या बाबतीत महाराष्ट्रात मोलाचे काम चालू आहे, याचा तुम्हाला अभिमान वाटावा. इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके भारत सरकारने २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली. त्या मानकांसाठीचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. स्नोमेड सीटी ही आजार, लक्षणे, तपासण्या आणि औषधे यांची जगभर वापरली जाणारी शब्दसंहिता भारतात विनामूल्य वापरता येते आणि तिचे देशातले काम हे केंद्र पाहते. भारतीय बाजारातल्या औषधांसाठी सामाईक औषध संकेतही तिथे तयार होतात. ब्रँड, घटक, ताकद आणि प्रकार यांची साखळी जोडण्याचे हे काम आहे आणि त्याला औषधशास्त्र जाणणारी माणसे लागतात. फार्मसीच्या पदवीनंतर करिअरच्या वाटा शोधताना ही वाटही लक्षात ठेवा.

दुसरे तत्त्व एककाचे. इथे मी थोडा थांबणार आहे, कारण फार्मासिस्टने कायम आठवणीत ठेवावी अशी एक घटना सांगायची आहे.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील रुग्णालयात सोळा वर्षांचा एक मुलगा दाखल होता. संसर्ग टाळण्यासाठी तो सेप्ट्रा हे प्रतिजैविक नेहमी घेत असे, एका वेळी एक गोळी. तिच्यात ट्रायमेथोप्रिम १६० मिलिग्रॅम. मुलाचे वजन ३८.६ किलो होते आणि ४० किलोखालच्या मुलांची मात्रा वजनानुसार लिहावी असा तिथला नियम होता. डॉक्टरांनी किलोमागे ५ मिलिग्रॅम लिहिले. उत्तर आले १९३ मिलिग्रॅम. उपलब्ध गोळी १६० ची, फरक ५ टक्क्यांहून अधिक. म्हणून फार्मासिस्टने नियमाप्रमाणे डॉक्टरांना कळवले, की मात्रा १६० अशी पुन्हा लिहा. डॉक्टरांनी ऑर्डर उघडून १६० टाइप केले. पण त्या चौकटीत एकक आधीच ठरलेले होते आणि ते होते मिलिग्रॅम प्रति किलो. संगणकाने १६० ला ३८.६ ने गुणले आणि मागणी तयार झाली साडेअडतीस गोळ्यांची.

संगणकाने डॉक्टरांना इशारा दाखवला. त्यांनी तो बाजूला सारला. फार्मासिस्टलाही इशारा दिसला आणि त्यांच्याकडूनही तो मागे पडला. औषध भरणाऱ्या यंत्रमानवाने गोळ्या अचूक मोजून बांधल्या. परिचारिकेला आकडा विचित्र वाटला, तरी बारकोड स्कॅन केल्यावर पडद्याने सगळे बरोबर असल्याचे सांगितले. मुलाने साडेअडतीस गोळ्या घेतल्या. काही तासांनी त्याला मोठी आकडी आली. सुदैवाने तो वाचला. त्याच विद्यापीठातले डॉक्टर रॉबर्ट वॉक्टर यांनी २०१५ मध्ये आपल्या पुस्तकात हा सगळा प्रकार रुग्णालयाच्या संमतीने उघडपणे मांडला. चूक लपवण्यापेक्षा जगाने तिच्यापासून शिकावे, ही त्यामागची वृत्ती आदराला पात्र आहे.

या घटनेत निष्काळजी माणूस कुणीच नव्हता. सगळे प्रशिक्षित होते आणि यंत्राचा गुणाकारही बरोबर होता. चुकला तो आकडा आणि एकक यांचा मेळ. साडेअडतीस गोळ्या एका वेळी कुणी घेत नाही, हे कळायला संगणक लागत नाही. पण 'यंत्राने तपासले आहे' या विश्वासाने अनुभवी माणसांच्या मनातली शंकाही दबून गेली. म्हणून मी सांगतो, पडद्यावरचा आकडा वाचताना एकक मोठ्याने वाचा आणि मग स्वतःला विचारा, ही मात्रा या माणसाला शोभते का? थायरॉक्सिन मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, मिलिग्रॅममध्ये नाही. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घेतात. चिठ्ठीवर ते रोजचे झाले तर जीवघेणे ठरते. १ लिहायचे असताना १.० लिहू नका, कारण टिंब पुसट झाले की ते १० होते. अर्धा लिहायचा तर ०.५ असाच लिहा. या सवयी कागदावर होत्या तशाच पडद्यावरही हव्यात.

तिसरे तत्त्व इशाऱ्यांचे. संगणकावर औषधे लिहिण्याची पद्धत आणि तिच्या जोडीला सावधगिरीच्या सूचना यांनी मोठा फायदा होतो. बॉस्टनच्या ब्रिगॅम अँड विमेन्स रुग्णालयातला डेव्हिड बेट्स यांचा १९९८ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. तिथे रुग्णापर्यंत पोहोचणाऱ्या औषधांच्या गंभीर चुका ५५ टक्क्यांनी कमी झाल्या. पण २००५ मध्ये रॉस कॉपेल आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात अशाच पद्धतीतून चुका होण्याच्या २२ नव्या वाटा दाखवून दिल्या. दोन्ही अभ्यास खरे आहेत. यंत्रणा चांगली बांधली तर रुग्ण वाचतो, वाईट बांधली तर नवा धोका जन्माला येतो.

इशाऱ्यांच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका त्यांच्या अतिरेकाचा. २००६ मध्ये झालेल्या एका आढाव्यात आढळले, की औषधसुरक्षेचे ४९ ते ९६ टक्के इशारे डॉक्टर बाजूला सारतात. किरकोळ गोष्टीसाठीही पडदा लाल होऊ लागला, की 'लांडगा आला रे आला' या गोष्टीतल्या गावकऱ्यांसारखी आपली अवस्था होते. खरा लांडगा येतो तेव्हा कुणी वळून पाहत नाही. छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्या रुग्णाला सिल्डेनाफिल, वॉरफरिन चालू असलेल्याला मेट्रोनिडाझोल, मूत्रपिंड निकामी होत आलेल्या रुग्णाला मेटफॉर्मिन, हे इशारे काम थांबवणारे असावेत. किरकोळ परस्परक्रिया शांतपणे कडेला दाखवाव्यात. कोणता इशारा कुठे ठेवायचा, हे ठरवायला औषधांचे परिणाम जाणणारा माणूस हवा. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला ते एकट्याने ठरवता येणार नाही. रुग्णालयांत हे ठरवणाऱ्या समित्यांमध्ये फार्मासिस्टची खुर्ची असलीच पाहिजे आणि तुम्ही ती हक्काने मागितली पाहिजे.

चौथे तत्त्व देवाणघेवाणीचे. एका रुग्णालयातली नोंद दुसऱ्याला वाचता आली नाही, तर रुग्णाला प्रत्येक दारात पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पिशवीत फायली घेऊन फिरणारी माणसे आपण रोज पाहतो. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेले आयुष्मान भारत डिजिटल मिशन हा प्रश्न सोडवू पाहते. रुग्णाला १४ अंकी आभा क्रमांक मिळतो. नोंदी जिथे तयार झाल्या तिथेच राहतात आणि रुग्णाने संमती दिली तरच दुसरीकडे दिसतात. ही संमती ठरावीक कामासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी असते, ती मागेही घेता येते. नोंदी पाठवण्यासाठी फायर नावाचे आंतरराष्ट्रीय मानक वापरतात, त्यामुळे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना एकमेकांच्या नोंदी वाचता येतात. ही व्यवस्था औषधाच्या दुकानापर्यंत पोहोचली पाहिजे. रुग्णाने शेवटी खरोखर कोणते औषध घेतले, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा काउंटरवरून अधिक खात्रीने कळते.

कायद्यानेही आपल्याकडून नोंदीच मागितल्या आहेत. शेड्यूल एच-१ मधल्या औषधांची, म्हणजे काही प्रतिजैविके, क्षयाची आणि गुंगीची औषधे यांची विक्री करताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या स्वतंत्र रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षे जपायचे असते. मार्च २०१८ पासून क्षयाचे औषध देणाऱ्या केमिस्टने त्या रुग्णाची सूचना आरोग्य यंत्रणेला देणे बंधनकारक आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून विक्रीत आघाडीवर असलेल्या ३०० ब्रँडच्या पाकिटांवर बारकोड किंवा क्यूआर कोड छापावा लागतो. तो स्कॅन केला, की उत्पादक, बॅच, तारखा आणि परवाना क्रमांक समोर येतो. बनावट औषध ओळखण्यासाठी हे चांगले साधन आहे. ते वापरा, ग्राहकालाही वापरायला शिकवा. एच-१ चे रजिस्टर तपासणी अधिकाऱ्याला दाखवण्यापुरते ठेवण्याची सवय मात्र सोडा. आपल्या गावात कोणते प्रतिजैविक वाढत चालले आहे, हे त्या पानांतून दिसते. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या काळात ती पाने वाचणे हे समाजकार्य आहे.

पाचवे तत्त्व उलट दिशेच्या माहितीचे, म्हणजे औषधाने काय त्रास दिला, याचे. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे विल्यम मॅकब्राइड आणि जर्मनीचे विडुकिंड लेन्झ यांनी नवजात बालकांच्या व्यंगांचा संबंध थॅलिडोमाइडशी जोडला. त्या धक्क्यातून १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा औषधसुरक्षा कार्यक्रम उभा राहिला. भारताचा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. इथे आलेले अहवाल स्वीडनमधल्या उप्सालाच्या जागतिक संग्रहात जातात. या अहवालांचे मोल किती, हे नोव्हेंबर २०२३ मध्ये दिसले. मासिक पाळीच्या दुखण्यासाठी घरोघरी घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडमुळे ड्रेस सिंड्रोम ही गंभीर प्रतिक्रिया होऊ शकते, असा इशारा कमिशनने दिला. तो देशात जमलेल्या अहवालांच्या विश्लेषणातून आला होता. अहवालासाठी चारच गोष्टी अत्यावश्यक आहेत: रुग्णाची ओळख पटेल अशी खूण, संशयित औषध, झालेला त्रास आणि कळवणारा माणूस. औषध आणि त्रास यांचा संबंध सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची नाही, संशय पुरेसा आहे. १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. आजच मोबाइलमध्ये साठवा.

शेवटचे तत्त्व गोपनीयतेचे. ते शेवटी घेतले, कारण वरचे सगळे त्याच्यावर टेकलेले आहे. औषधाची यादी माणसाचे सगळे सांगून टाकते. नैराश्याची गोळी, एचआयव्हीची औषधे, गर्भपाताच्या गोळ्या, व्यसनमुक्तीचे उपचार. तालुक्याच्या गावात, जिथे काउंटरवर रांगेत शेजारी उभे असतात, तिथे मोठ्याने उच्चारलेले एक नाव एखाद्या मुलीचे आयुष्य अवघड करू शकते. आज चिठ्ठ्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात आणि दुकानातल्या सगळ्यांच्या हाताळणीतल्या फोनमध्ये तसेच पडून राहतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती गोळा करणाऱ्यावर कर्तव्ये घातली आहेत. पण कायद्याच्याही आधी हा विश्वासाचा प्रश्न आहे. रुग्णाने आपल्याला माहिती दिली ती बरे होण्यासाठी. त्या कामाबाहेर तिचा वापर झाला, तर पुढच्या वेळी तो खरे सांगणार नाही आणि खोट्या माहितीवर कोणतीही यंत्रणा सुरक्षित चालत नाही.

मित्रहो, फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ मध्ये लिहिले आहे, की चिठ्ठी हाती आल्यावर फार्मासिस्टने रुग्णाची नोंद पाहावी आणि मग त्याच्याशी औषधांबद्दल बोलावे. म्हणजे रुग्णाची नोंद आपल्याकडे असणार, हे नियमाने गृहीत धरले आहे. आपण अजून ती ठेवत नाही. ही उणीव नव्या यंत्राने भरून निघणार नाही. काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाने विचारण्याची सवय लावली, तरच ती भरून निघेल.

म्हणून विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. प्रशिक्षणाच्या काळात औषधाच्या दुष्परिणामाचा किमान एक अहवाल स्वतः भरा. घरातल्या ज्येष्ठांच्या सगळ्या औषधांची यादी घटकांच्या नावांनिशी आणि एककांसह लिहून काढा आणि त्यात एकच घटक दोनदा येतो का ते तपासा. उद्या तुम्ही दुकान उघडाल किंवा रुग्णालयात रुजू व्हाल, तेव्हा सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न साठ्याबद्दल विचारू नका. ॲलर्जी कुठे लिहायची, घटक कुठे दिसतो आणि माझ्या रुग्णाची माहिती आणखी कोण पाहू शकते, हे विचारा. तिन्ही प्रश्नांना नीट उत्तर मिळाले नाही, तर ते सॉफ्टवेअर घेऊ नका. आणि घेतलेत, तर पहिल्याच दिवशी पहिल्याच रुग्णाला विचारून तो रिकामा रकाना भरा.